‘इंजिन गेलंय’ असं गॅरेजवाल्याने सांगितलं तर: ठाणे-नवी मुंबईतल्या गाडीमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ, खारघर इथल्या गाडीमालकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांची सुरुवात एकाच वाक्याने होते: ‘गॅरेजवाला म्हणतो इंजिनचं काम निघालंय.’ सगळी गॅरेजं लुबाडतात असं मी म्हणणार नाही. वागळे इस्टेटमध्ये आणि तुर्भ्यात नुसता आवाज ऐकून दोष ओळखणारे मिस्त्री आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. तरीही इंजिन खोलायचा निर्णय मोजमापावरच व्हायला हवा, असा माझा आग्रह आहे. खालची बरीचशी उत्तरं त्या आग्रहातूनच आली आहेत.

१. गॅरेजवाला म्हणतो ‘इंजिन गेलं, हाफ इंजिन करावं लागेल’. लगेच हो म्हणू का?

नको. आधी विचारा: कोणत्या सिलिंडरमध्ये दोष आहे, कोणती चाचणी केली आणि आकडा काय आला? चांगला मिस्त्री या प्रश्नाने चिडत नाही, उलट गेज दाखवतो. ‘हाफ इंजिन’ या शब्दाचा आवाका गॅरेजगणिक बदलतो. कुणी त्यात फक्त पिस्टनवरच्या रिंग आणि बेअरिंग धरतो, तर कुणी पिस्टन, बोअरिंग (सिलिंडर आतून घासून मापात आणणं) आणि क्रँकचं कामही. म्हणून काय काय बदलणार याची यादी लेखी घ्या. फोनवर होकार देऊ नका. ‘व्हॉट्सॲपवर एस्टिमेट पाठवा, बघून कळवतो’ एवढंच सांगा.

निर्णयासाठी वेळ घ्या, पण तोवर गाडी चालवू नका. ऑइल प्रेशरचा लाल दिवा पेटला असेल किंवा तापमानाचा काटा वर गेला असेल तर घोडबंदर रोडवरून ‘हळूहळू घरी नेतो’ म्हणण्यातच चांगलं इंजिन खरोखर जातं. टो करून न्या.

२. स्कॅनरवर कोड आला आहे. मग निदान झालंच ना?

कोड म्हणजे लक्षण. गाडीच्या कॉम्प्युटरला कुठे गडबड जाणवली तेवढं तो सांगतो, ती कशामुळे झाली ते सांगत नाही. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे तिथे इंधन नीट पेटत नाही. त्यामागे प्लग, इग्निशन कॉइल, इंजेक्टर, कुरतडलेली वायर, व्हॉल्व्ह किंवा गेलेलं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), काहीही असू शकतं. पी०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी पडतंय, आणि बऱ्याचदा त्याचं मूळ हवेच्या पाइपातल्या एका चिरेत निघतं. पी०४२० आला की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलायला सांगतात, पण एक्झॉस्टमधली गळती किंवा ऑक्सिजन सेन्सरही तोच कोड उठवू शकतो.

कोड पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो काढून घ्या. कोड आला त्या क्षणी इंजिनचे आरपीएम, तापमान आणि वेग किती होता याची नोंदही गाडीत साठते. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पुसला की ती सहसा जाते आणि पुढच्या मिस्त्रीला अंधारात चाचपडावं लागतं.

३. इंजिन खोलण्याआधी कोणत्या चाचण्या मागायच्या? मला त्यातलं काही कळत नाही.

चाचणी करणं मिस्त्रीचं काम आहे. तुम्हाला फक्त तिचं नाव आणि तिच्यातून काय कळतं ते माहीत हवं.

कॉम्प्रेशन टेस्टमध्ये प्लग काढून प्रत्येक सिलिंडरला गेज लावतात आणि स्टार्टर फिरवतात. पेट्रोल इंजिनात आकडा साधारण १५० ते २०० पीएसआयच्या (दाबाचं एकक) आसपास येतो, डिझेलमध्ये त्याच्या दुप्पट किंवा अधिक. तुमच्या मॉडेलसाठी खरा आकडा कंपनीच्या मॅन्युअलमधला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सिलिंडरांमधला फरक. तीन सिलिंडर १७० दाखवत असतील आणि चौथा ९०, तर त्या चौथ्यात नक्की काहीतरी आहे. चारही जवळपास सारखे आणि मर्यादेत असतील, तर ‘रिंग गेल्या’ हे निदान पुन्हा तपासायला लावा.

आकडा कमी आला तर वेट टेस्ट. त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजतात. आकडा चांगला वाढला तर रिंग किंवा बोअरकडे (सिलिंडरच्या आतल्या भिंतीकडे) संशय जातो. तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगकडे. या एका चमच्यामुळे हेडच्या कामावर भागतंय की अख्खं इंजिन उतरवावं लागतंय, हे ठरू शकतं.

लीक-डाउन टेस्टमध्ये सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरतात आणि ती कुठून निसटते ते ऐकतात. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट किंवा तडा. छोट्या गॅरेजमध्ये हे यंत्र नसतं. त्यात त्यांचा दोष नाही, पण तेवढ्यासाठी गाडी दुसरीकडे दाखवणं योग्यच.

हेड गॅस्केटचा संशय असेल तर कुलंटच्या टाकीवर निळ्या द्रवाची नळी लावून करायची चाचणी मागा. जळालेला वायू कुलंटमध्ये शिरत असेल तर निळा रंग पिवळा पडतो. ऑइल प्रेशर कमी असल्याचं सांगितलं असेल तर सेन्सर काढून तिथे मेकॅनिकल गेज लावून मोजायला सांगा. डिझेल गाडी मिसिंग मारत (झटके देत) असेल तर इंजेक्टरची रिटर्न टेस्ट, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरमधून किती डिझेल परत जातं ते बाटल्यांत मोजणं.

यातली बरीच कामं तासा-दोन तासांत होतात. त्यांचे पैसे लागतील ते द्या. चाचणी फुकट मागितली की तिची किंमत पुढे एस्टिमेटमध्ये येते, असं मला वाटतं.

४. कोणकोणत्या गोष्टी ‘इंजिनचा दोष’ म्हणून चुकीच्या सांगितल्या जातात?

सर्वांत जास्त मिसफायर. गाडी थरथरते, पिकअप नाही, लगेच ‘कॉम्प्रेशन गेलं’. खरा दोष अनेकदा कॉइलमध्ये असतो आणि तो तपासायला अवजारही फारसं लागत नाही. पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर बसवा. कोड पी०३०१ वरून पी०३०२ वर सरकला तर दोष कॉइलचा. आपल्याकडे आणखी एक कारण हमखास सापडतं, ते म्हणजे उंदीर. सोसायटीच्या पोडियम आणि स्टिल्ट पार्किंगमध्ये, विशेषतः पावसाळ्यात, उंदीर बॉनेटखाली शिरतात आणि इंजेक्टरच्या किंवा कॉइलच्या वायर कुरतडतात. गाडी तीन-चार दिवस उभी राहिल्यावर अचानक मिसिंग मारायला लागली असेल तर आधी टॉर्च घेऊन वायरिंग बघायला सांगा.

दुसरं, ऑइलच्या झाकणाखालची पांढरट साय. ती दाखवून ‘ऑइलमध्ये पाणी आलं, हेड गॅस्केट गेलं’ म्हणतात. कधी ते खरं असतं. पण घरापासून स्टेशन आणि परत एवढीच गाडी चालत असेल तर इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ झाकणाला धरते आणि ऑइलशी मिसळून साय होते. डिपस्टिक स्वच्छ आहे का, कुलंटची पातळी उतरते का आणि निळ्या द्रवाची चाचणी काय सांगते (प्रश्न ३), हे पाहिल्याशिवाय हेड उतरवू देऊ नका.

तिसरं, गाडी तापणं. फक्त ट्रॅफिकमध्ये, एसी चालू असताना तापते आणि ठाणे-बेलापूर रोडवर मोकळी धावली की काटा खाली येतो, असं असेल तर पहिला संशय रेडिएटरच्या फॅनवर, त्याच्या रिलेवर किंवा फ्यूजवर. वेगात किंवा चढावर तापत असेल तर रेडिएटर चोंदलेला, थर्मोस्टॅट अडकलेला, वॉटर पंप किंवा हेड गॅस्केट. कधी आणि कुठे तापते हे तुम्ही नीट सांगितलंत तर अर्धं निदान तिथेच होतं.

चौथं, आवाज. टकटक आली की ‘बेअरिंग गेलं’. अल्टरनेटरची पुली, बेल्टचा टेन्शनर, सायलेन्सरवरचा सुटलेला पत्रा, हे सगळे असेच आवाज करतात. फॅन बेल्ट काढून इंजिन काही सेकंद चालवलं आणि आवाज थांबला, तर दोष इंजिनच्या पोटात नाही.

पाचवं, निळा धूर आणि ऑइल खाणं. थेट रिंग-पिस्टन सांगण्याआधी व्हॉल्व्ह सील तपासायला हवेत. सकाळी सुरू करताना एकदाच निळा धूर येऊन थांबतो तेव्हा सीलचीच शक्यता जास्त. अनेक गाड्यांत सील हेड न उतरवताही बदलता येतात.

बीएस६ डिझेल गाड्यांचा प्रश्न वेगळाच आहे. १ एप्रिल २०२० पासून हे निकष लागू झाले आणि डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आला. रोज माजिवड्याच्या गर्दीत रांगत जाणाऱ्या गाडीत तो चोंदतो, गाडी ओढत नाही, आणि निदान ‘टर्बो गेला’ असं होतं. आधी डीपीएफमध्ये काजळी किती साठली आहे ते स्कॅनरवर बघा, ईजीआर व्हॉल्व्ह (जळालेला वायू थोडा पुन्हा इंजिनात सोडणारा) बघा, टर्बोचा रबरी पाइप कुठे फाटला आहे का ते बघा.

५. दुसरं मत कुठे आणि कसं घ्यायचं? गाडी तर त्यांच्याच गॅरेजमध्ये उभी आहे.

पहिल्या गॅरेजला तपासणीचे पैसे देऊन पावती घ्या आणि गाडी टो करून न्या. दुसरीकडे गेल्यावर पहिल्याने काय सांगितलं ते लगेच सांगू नका. फक्त लक्षणं सांगा. ‘त्याने हेड गॅस्केट सांगितलंय’ हे ऐकलं की दुसराही तिथूनच शोधायला लागतो.

एक मत कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरचं आणि एक स्वतंत्र गॅरेजचं, ही जोडी बरी पडते. सर्व्हिस सेंटरकडे मॅन्युअल आणि कंपनीचा स्कॅनर असतो, पण कल अख्खं असेंब्ली बदलण्याकडे असतो. स्वतंत्र मिस्त्री छोटा भाग दुरुस्त करायचा विचार करतो. मित्राच्या ओळखीचं गॅरेज चालेल, पण पहिल्याच गॅरेजवाल्याने सुचवलेलं टाळा.

६. इंजिन आधीच खोलून ठेवलं आहे. आता दुसरं मत घेऊन काय उपयोग?

उपयोग आहे, फक्त पुराव्याचं रूप बदलतं. स्वतः जा आणि फोटो, व्हिडिओ काढा: प्रत्येक पिस्टनचा माथा, सिलिंडरच्या भिंती, बेअरिंगचे तुकडे, गॅस्केटच्या दोन्ही बाजू. गॅस्केट खरोखर फुटलं असेल तर जळाल्याची काळी रेघ एका सिलिंडरपासून दुसऱ्यापर्यंत किंवा पाण्याच्या मार्गापर्यंत गेलेली दिसते. मग ब्लॉक आणि हेड लेथवाल्याकडे पाठवून मापं लेखी मागा. बोअर गेजने बोअरची झीज, मायक्रोमीटरने क्रँकचे जर्नल (बेअरिंग बसतात ते गोल भाग), सरळपट्टी आणि फीलर गेजने हेडचा सपाटपणा. इथल्या मर्यादा मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजतात, त्यामुळे ‘हाताला खरखरीत लागतंय’ हे माप नव्हे.

मापं मर्यादेत निघाली तर काम तिथेच थांबवायला लेखी सांगा.

७. एस्टिमेट एक होतं, बिल भलतंच आलं. मला न विचारता भाग बदललेत.

ज्या कामाला तुम्ही होकार दिलाच नाही त्याचे पैसे मागायचा आधार कमकुवत असतो. पण होकार फोनवर दिला होता की नाही यावरच सगळा वाद अडतो. म्हणून जॉब कार्डवर (गाडी घेताना गॅरेज कामं लिहून देतं त्या कागदावर) सही करताना हाताने एक ओळ लिहा: ‘या यादीबाहेरचं काम लेखी परवानगीशिवाय करू नये.’ जॉब कार्ड न देणाऱ्या गॅरेजला हेच वाक्य व्हॉट्सॲपवर पाठवा. बिल आल्यावर ओळ न् ओळ वाचा, आणि न विचारता केलेल्या प्रत्येक कामासमोर ‘मान्य नाही’ लिहून त्याचा फोटो ठेवा. गाडी अडवली तर प्रश्न ११ पाहा.

८. काय काय जपून ठेवायचं?

जॉब कार्ड, एस्टिमेट, बिल, पैसे दिल्याचा यूपीआय तपशील, स्कॅनरचे फोटो, चाचण्यांचे आकडे, मिस्त्रीशी झालेले मेसेज. गाडी देताना आणि घेताना मीटरचा फोटो. धूर आणि आवाजाचे व्हिडिओ. व्हॉट्सॲपची चॅट फक्त स्क्रीनशॉटवर ठेवू नका, एक्स्पोर्ट करून ठेवा आणि मूळ फोन विकू नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागू शकतं, आणि ते मूळ उपकरण हाताशी असेल तर सोपं जातं.

९. काढलेले जुने भाग परत मागता येतात का?

मागा, आणि काम सुरू होण्याआधीच मागा. जुना भाग तुमचा आहे. अपवाद दोन: वॉरंटीत बदललेला भाग कंपनीकडे जातो, आणि एक्स्चेंजवर घेतलेल्या भागाच्या, म्हणजे रिकंडिशन टर्बो किंवा इंजेक्टर पंपाच्या किमतीत जुना भाग धरलेला असतो. अशा वेळी निदान त्याच्या नंबरासकट फोटो घ्या. चुकीच्या निदानाच्या वादात ‘गेलेला’ म्हणून काढलेला चांगला भाग हा तुमचा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो. तो पुसू नका. पिशवीत बांधून तारीख घाला.

१०. पैसे भरले, गाडी आली, आणि दोष तोच. आधी कुणाशी बोलू?

आधी त्याच गॅरेजशी, आणि लेखी. चूक सुधारायची संधी दिली नाही तर पुढे ग्राहक आयोगासमोर ते हेच म्हणतील की ‘गाडी आणलीच नाही’. मेसेज असा लिहिता येईल:

‘आपण दिनांक … रोजी माझ्या गाडीचं हेड गॅस्केट गेल्याचं निदान करून … रुपये घेतले. गाडी ताब्यात आल्यावर तोच दोष कायम आहे. गाडी पुन्हा तपासणीसाठी आणायला मी तयार आहे. निदान कोणत्या चाचणीवर केलं, तिचे आकडे आणि काढलेले भाग सात दिवसांत द्यावेत. दोष त्या भागात नव्हता असं दिसल्यास मजुरी आणि भागाची रक्कम परत करावी.’

शिव्या नकोत, धमक्या नकोत. अनेक गॅरेजवाले एवढ्यावरच मजुरी सोडून देतात किंवा पुढचं काम त्या रकमेत करून देतात. अशी तडजोड होत असेल तर घ्या आणि तीही लिहून घ्या. उत्तर आलंच नाही तर वकिलाची किंवा स्वतःची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपा.

११. बिल भरल्याशिवाय गाडी देणार नाही म्हणतात. असं अडवता येतं का?

काही अंशी येतं. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे वस्तूवर श्रम-कौशल्याचं काम करणाऱ्याला त्या कामाचा योग्य मोबदला मिळेपर्यंत वस्तू राखून ठेवता येते. हा हक्क ठरलेल्या कामापुरता आहे. जुनी उधारी किंवा न विचारता केलेलं काम पुढे करून गाडी अडवली असेल तर लेखी हरकत घ्या. जॉब कार्डवर नसलेलं ‘पार्किंगचं रोजचं भाडं’ लावलं तरी तेच.

बहुतेकांना माझा सल्ला असा: गाडी रोज लागत असेल तर बिलावर ‘हरकत नोंदवून रक्कम देत आहे’ असं लिहा, यूपीआयने किंवा चेकने पैसे द्या, गाडी सोडवा आणि मग भांडा. रोख देऊ नका.

१२. निदान चुकलं म्हणजे सेवेत त्रुटी झालीच ना?

दर वेळी नाही, आणि हे पचवणं अनेकांना जड जातं. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये त्रुटीची व्याख्या कलम २(११) मध्ये आहे. सेवेच्या दर्जात, कार्यपद्धतीत उणीव असणं, निष्काळजीपणा, महत्त्वाची माहिती दडवणं हे त्यात येतं. मिस्त्रीने योग्य चाचण्या केल्या, आकडे तुम्हाला दाखवले, ‘बहुधा हेच आहे, पण खोलल्यावरच नक्की कळेल’ असं सांगितलं आणि अंदाज चुकला, तर आयोगापुढे तुमची बाजू दुबळी असेल. चाचणी न करताच भाग बदलला, किंवा चाचणी वेगळं सांगत असतानाही बदलला, तर बाजू मजबूत. म्हणून तक्रारीत ‘निदान चुकलं’ यापेक्षा ‘कोणतीही चाचणी न करता निदान केलं’ हा मुद्दा आधी मांडा, अर्थात तसं खरोखर घडलं असेल तरच.

१३. तक्रार कुठे करायची? ठाण्यात की बेलापुरात? खर्च किती?

पहिली पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. ते तक्रार गॅरेजपर्यंत पोचवतात. मोठ्या साखळीतली सर्व्हिस सेंटरं तिथे उत्तर देतात, गल्लीतला मिस्त्री क्वचित. ही पायरी सक्तीची नाही.

त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ठाणे जिल्ह्याचा आयोग ठाण्यात आहे आणि अतिरिक्त आयोग सीबीडी बेलापूरच्या कोकण भवनात. गाडीचा नंबर एमएच-०४ आहे की एमएच-४३, याच्याशी संबंध नाही. पनवेल, खारघर, कामोठे, कळंबोली मात्र रायगड जिल्ह्यात येतात आणि तिथला आयोग अलिबागला. पण २०१९ च्या कायद्यात गॅरेज जिथे आहे तिथे, आणि तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो तिथेही तक्रार करता येते. खारघरला राहणाऱ्याची गाडी तुर्भ्याच्या गॅरेजमध्ये बिघडवली असेल तर त्याला अलिबाग गाठायची गरज नाही. गॅरेज ठाणे जिल्ह्यात आहे, तेव्हा इथेच दाखल करता येईल.

सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाख, आणि ती तुम्ही मागता त्या भरपाईवर नाही तर दिलेल्या मोबदल्यावर मोजतात. वकील सक्तीचा नाही. ऑनलाइन तक्रार ई-जागृती पोर्टलवर करता येते. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत दाखल करा. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५ मिळतात. कायद्यात निकालासाठी ३ महिन्यांचं उद्दिष्ट आहे, प्रत्यक्षात जास्त लागतात, हे मनाशी धरूनच उतरा. निकाल पटला नाही तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील.

१४. दुसऱ्या गॅरेजने खरा दोष काढून गाडी ठीकही केली. आता पहिल्याची चूक सिद्ध कशी करू?

हा अवघड प्रसंग, कारण मूळ स्थिती उरलेली नाही आणि पहिला म्हणेल की दुसऱ्याने छेडछाड केली. दुसऱ्या गॅरेजकडून लेखी घ्या: गाडी आली तेव्हाची लक्षणं, केलेल्या चाचण्या आणि आकडे, सापडलेला दोष, बदललेला भाग, आणि दोष कसा गेला. त्यांची प्रतिज्ञापत्र द्यायची तयारी असेल तर उत्तम. शेजारच्या गॅरेजविरुद्ध लिहून द्यायला बरेच जण कचरतात. तेव्हा ऑटोमोबाइल इंजिनिअरकडून किंवा विमा क्षेत्रातल्या मोटर वर्गाच्या परवानाधारक सर्व्हेअरकडून पैसे देऊन अहवाल घेता येतो.

काम अजून व्हायचं असेल तर दुरुस्तीआधी हा अहवाल करा आणि पहिल्या गॅरेजला तपासणीची तारीख कळवा. ते आले नाहीत तरी तुम्ही बोलावलं होतं ही नोंद राहते.

१५. रस्त्यालगतच्या मिस्त्रीला रोख दिले, बिलच नाही. काही करता येईल?

करता येईल, पण धागेदोरे जुळवावे लागतील. यूपीआयचा व्यवहार, कॉल रेकॉर्ड, व्हॉट्सॲप, स्पेअर पार्टच्या दुकानाचं बिल, टोइंगची पावती. बिल न देणं हे कायद्याने अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं, आणि हा मुद्दा तक्रारीत स्वतंत्रपणे घाला. ‘माझ्याकडे जीएसटी नंबर नाही’ म्हणून बिल नाकारता येत नाही. छोट्या उलाढालीच्या गॅरेजला नोंदणी नसेलही, पण साधी पावती देता येतेच.

१६. गाडी वॉरंटीत आहे. सर्व्हिस सेंटर म्हणतं ‘भेसळीच्या पेट्रोलने इंजिन गेलं, वॉरंटी लागू नाही’.

नकार लेखी मागा आणि विचारा: टाकीतला नमुना घेतला का, सील तुमच्यासमोर केला का, कोणत्या प्रयोगशाळेत दिला? अहवालाशिवाय भेसळ हा नुसता आरोप आहे. पंपाच्या पावत्या किंवा कार्डाचे व्यवहार काढून ठेवा. कंपनीला ईमेल करताना डीलरलाही त्यात ठेवा, आणि तक्रार करायची झाली तर दोघांनाही प्रतिवादी करा. नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

१७. वंदना टॉकीजजवळ पाण्यातून गाडी काढली आणि बंद पडली. गॅरेज म्हणतं पूर्ण इंजिन बदला.

पुन्हा स्टार्ट मारला होता का, हा पहिला प्रश्न. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असताना इंजिन फिरवलं तर पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. स्टार्ट मारला नसेल तर इंजिन वाचायची शक्यता बरीच असते. एअर फिल्टर ओला आहे का पाहायचं, प्लग काढून पाणी बाहेर काढायचं, ऑइल बदलायचं आणि मग कॉम्प्रेशन मोजायचं. एखाद्या सिलिंडरचा आकडा स्पष्टपणे कमी आला तर रॉडचा संशय.

विम्याचं काम असेल तर सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत इंजिन खोलू देऊ नका. साध्या पॉलिसीत इंजिनचं हे नुकसान सहसा ‘परिणामी नुकसान’ म्हणून नाकारतात. इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन घेतलं आहे का ते आधी पाहा.

१८. माझी गाडी टॅक्सी म्हणून चालते. मी ग्राहक ठरतो का?

व्यापारी हेतूने घेतलेली सेवा ग्राहक कायद्यातून वगळली आहे, तर स्वयंरोजगाराने पोट भरणाऱ्यासाठी त्यात सवलतीची तरतूद आहे. एकच गाडी आहे, स्वतः चालवता, घर त्यावर चालतं, हे तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा आणि परमिट, बॅज जोडा. समोरचा यावर आक्षेप घेणार हे धरून चाला. चालक ठेवून पाच गाड्या फिरवणाऱ्यासाठी दिवाणी न्यायालयाचा रस्ता अधिक सुरक्षित. कंपनीच्या नावावरच्या गाडीबाबत वापर मुख्यतः कशासाठी होता यावर वाद होतो, तेव्हा वकिलाला विचारूनच पुढे जा.

१९. पोलिसांत जाऊ का?

नुसतं चुकलेलं निदान पोलिसांचा विषय नाही. तुमचा चांगला भाग काढून जुना बसवला, बिलात लावलेला भाग गाडीत नाहीच, असा पुरावा असेल तर फसवणूक (भारतीय न्याय संहिता, कलम ३१८) किंवा विश्वासघात (कलम ३१६) यांचा विचार होऊ शकतो. फसवणुकीसाठी सुरुवातीपासून अप्रामाणिक हेतू होता हे दाखवावं लागतं. पैसे वसूल करायला पोलीस ठाणं ही जागा नाही.

२०. उलटा प्रकार: मी आवाजाची तक्रार केली, ते म्हणाले ‘काही नाही, चालवा’. पंधरा दिवसांत इंजिन सीझ झालं.

न सांगितलेला दोष हाही चुकीच्या निदानाचाच प्रकार आहे, आणि प्रश्न १२ मधली कसोटी इथेही लागते. जॉब कार्डवर तुमची तक्रार कोणत्या शब्दांत लिहिली होती हे निर्णायक ठरतं. ‘जनरल चेकअप’ असं लिहिलं असेल तर अवघड. ‘थंड असताना इंजिनमधून टकटक, ऑइलचा दिवा लुकलुकतो’ असं लिहिलं असेल आणि त्यांनी प्रेशर मोजलंच नसेल, तर तुमचा मुद्दा उभा राहतो. म्हणून सल्लागार टाइप करत असताना तुमचेच शब्द लिहायला लावा, आणि सही करण्याआधी वाचा. सीझ झालेलं इंजिन तिथेच खोलू देऊ नका, आधी प्रश्न १४ मधला अहवाल करा. दिवा पेटलेला असताना तुम्ही गाडी चालवत राहिलात का, हे समोरचा विचारेलच. त्याचं खरं उत्तर तयार ठेवा.

२१. शेवटी त्यांनी दुसरंच इंजिन बसवलं, कुर्ल्याहून आणलेलं. आता चुकीचं निदान सोडा, कागदांचं काय?

ब्लॉक बदलला की इंजिन नंबर बदलतो, आणि तो आरसीवर बदलून घ्यावा लागतो. त्यासाठी आलेल्या इंजिनाचा स्रोत दाखवणारं बिल लागतं. ज्या गाडीतून ते काढलं तिची कागदपत्रं नसतील तर चोरीच्या मालाचा प्रश्न तुमच्या दारात येऊ शकतो. नंबर जुळत नसेल तर विमा कंपनी दावा अडवते आणि गाडी विकताना हस्तांतरणही अडतं. गॅरेजने हे न सांगता इंजिन बसवलं असेल तर मूळ इंजिन परत मागा, मूळ ब्लॉकवरच्या नंबराचा फोटो घ्या आणि आरटीओत जाण्याआधी गॅरेजकडून इंजिन बदलल्याचं सही-शिक्क्यासह लेखी घ्या. मूळ ब्लॉक भंगारात गेला असेल तर तो कुणाला, कधी आणि किती रुपयांना दिला तेही त्याच कागदावर लिहायला लावा.